माशांचा सोमवार

दाजींनी आयुष्यात कधी पाव विकत घेतला नव्हता. ज्या घरात त्यांचा जन्म झाला, त्या घराच्या पुढच्या अंगाला त्यांच्या वडिलांची बेकरी होती, आणि वडिलांच्या पश्चात ती त्यांनी स्वतः चालवली. माझी थोरली बहीण लग्न होऊन त्या घरात गेली तेव्हापासून मी त्यांना दाजी म्हणत आलो आहे, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवतो. बहिणीला मी ताई म्हणतो. माझी सारी नोकरी जमिनींच्या मोजणीत गेल्यामुळे ती मला 'मोजपट्टी' म्हणते, आणि दाजी मला, नात्याला धरून, 'मेहुणे' म्हणतात.

दाजी अंगाने आडवे, हातांनी मोठे आणि बोलण्यात कमी. भट्टीच्या तोंडाशी वर्षानुवर्षे वाकल्यामुळे त्यांच्या उजव्या हातावरचे केस कायमचे गेले होते. डाव्या हातावर मात्र दाट होते. ताई चेष्टेने म्हणे, "दोन माणसांचे दोन हात जोडून दिलेत मला." त्यांच्या भुवयांत पीठ असे. आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते एखाद्या समारंभाला आले, तरी कोठेतरी एक पांढरी रेघ राहिलेलीच.

बेकरीच्या मागे एक अरुंद खोली होती. तिची एक भिंत म्हणजे भट्टीचीच पाठ. बाहेर कितीही थंडी असो, ती भिंत कोमट असे. त्या भिंतीलगत दगडी कट्टा होता आणि कट्ट्यावर काचेच्या चार टाक्या. त्या टाक्यांत दाजी मासे पाळत.

मासे कसे आले, तीही एक कथाच आहे. एक नेहमीचे गिऱ्हाईक परगावी जायचे म्हणून सहा मासे एका बरणीत घालून दाजींकडे ठेवून गेले. "आठवडाभर सांभाळा, आलो की नेतो," असे म्हणाले आणि पुन्हा कधी दिसले नाही. मासे दुकानात 'पांडा कोरी' या नावाने मिळतात. बोटाच्या दोन पेरांएवढी लांबी, अंग फिकट गुलाबीसर पांढरे, डोळ्यांवर काळा पट्टा आणि शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका. तोंडाला आखूड मिशा. हा मासा तळाशी राहतो, मिशांनी वाळू चाळत हिंडतो आणि मध्येच एकदम उसळी मारून पृष्ठभागावरची हवा गिळून पुन्हा खाली येतो. त्याला डोळा खाली वळवता येतो, त्यामुळे तो आपल्याकडे पाहून डोळा मारतो आहे असे वाटते. ताईला पहिल्या दिवशी हे दिसले तेव्हा ती म्हणाली होती, "याला बाहेर काढा आधी. लक्षण ठीक नाही याचं."

पण मासे राहिले. त्यांना पिल्ले झाली, पिल्लांना पिल्ले झाली. दाजी जोमदार मासे वंशासाठी ठेवीत आणि बाकीचे माशांच्या दुकानात किंवा हौशी गिऱ्हाइकांना देत. बाहेरचा एकही मासा त्यांनी त्या टाक्यांत कधी सोडला नाही. यामागे त्यांच्या धंद्याचीच रीत होती. त्यांच्या बेकरीत रोजच्या मळलेल्या पिठातला एक गोळा काढून ठेवीत आणि तो दुसऱ्या दिवशीच्या पिठात मिसळीत. हे जुने पीठ त्यांच्या वडिलांच्या हातचे होते आणि ते कधी तुटू दिलेले नव्हते. मासेही दाजी त्याच न्यायाने पाळत, असे मला वाटते. ते स्वतः असे काही कधी बोलले नाहीत.

अंडी पडत ती थंडीच्या महिन्यांत, आणि पडत ती बहुधा मंगळवारी. बेकरी सोमवारी बंद असे. सोमवारी दाजींना उसंत मिळे. त्या दिवशी ते टाक्यांचे पाणी बदलत, काचा पुसत, माशांना सावकाश खाऊ घालत आणि तासन्‌तास तेथे बसून राहत. दुसऱ्या दिवशी काचेवर दवाच्या थेंबांसारखी अंडी चिकटलेली दिसत. मी एकदा त्यांना विचारले, "दाजी, मंगळवारच का?"

"फुरसत," ते म्हणाले. "रोज मी घाईत असतो. सोमवारी हात निवांत असतो. माशांना कळतं ते."

"माणसांना नाही कळत," ताई आतून म्हणाली. "आम्ही सोमवारची वाट बघतो आणि हात निवांत होतात ते पाण्यात."

मग गल्ल्यांतील धुरासंबंधी नवा नियम आला आणि लाकडाच्या भट्ट्या बंद करणे भाग पडले. दाजींचे वयही झाले होते. त्यांनी घर आणि बेकरी दोन्ही एका तरुण जोडप्याला दिली. त्या जोडप्याने तेथे विजेची भट्टी बसवली. शेवटच्या दिवशी दाजींनी जुन्या पिठाचा गोळा बाजूला काढला नाही. सगळे पीठ भाजून टाकले. मी त्या दिवशी तेथे होतो. गोळा ठेवायचे वाडगे त्यांनी धुतले, पुसले आणि फळीवर पालथे घातले, एवढेच.

दोघे दुसऱ्या मजल्यावरच्या एका सदनिकेत राहायला गेली. बाहेरच्या खोलीत एका टाकीपुरती जागा होती. हलवाहलवीत काही मासे गेले, काही त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. थंडी सुरू झाली तेव्हा सात उरले होते, त्यांत माद्या दोनच, आणि सगळे उतारवयाचे. या जातीच्या माद्या म्हातारपणी अंडी घालणे सोडून देतात. म्हणजे ही थंडी जर कोरडी गेली, तर दाजींचा वंश तेथेच संपणार होता. हे त्यांना ठाऊक होते, मला ठाऊक होते, आणि ताईलाही. ती फक्त तसे दाखवीत नसे.

दाजींनी कोणतीही कसर ठेवली नाही. भट्टीच्या भिंतीची ऊब आता नव्हती, म्हणून त्यांनी उत्तम प्रतीचा हीटर आणला. पाणी ठरल्या अंशाखाली गेले की तो आपोआप पेटे आणि वर गेले की विझे. काचेला तापमापक चिकटवला. त्यातला पारा सव्वीस अंशांवर असा स्थिर राहिला की मलाही समाधान वाटले. बदलायचे पाणी ते आधी गॅसवर कोमट करून घेत, बोटाने पाहत, मग तापमापकाने पाहत आणि मगच सोडत. आणि आता उसंत तर रोजचीच होती. सकाळी मासे, दुपारी मासे, संध्याकाळी मासे. त्यांच्या मताप्रमाणे सोमवार आता सातही दिवस होता.

अंडी मात्र पडेनात.

मासे खात होते, वाळू चाळत होते, डोळा मारत होते. नर माद्यांच्या मागे लागत नव्हते. थंडी अर्ध्यावर आली तेव्हा मी दाजींसोबत माशांच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार त्यांना पूर्वीपासून ओळखत असे. त्यांचीच पिल्ले त्याने वर्षानुवर्षे विकली होती.

"काका," तो म्हणाला, "त्या म्हाताऱ्यांना धरून किती दिवस बसणार? आजच नवा माल आलाय. हे बघा, कसे टुणटुणीत आहेत. चार टाका त्यांच्यात, तेही तरुण होतील."

दाजींनी काचेपाशी वाकून मासे पाहिले. "चांगले आहेत."

"मग बांधू?"

"चांगले आहेत, पण तुझे आहेत."

"मासे काय आडनाव लावून येतात का, काका?"

"नाही ना," दाजी म्हणाले. "म्हणून तर लक्ष ठेवावं लागतं."

परतताना मी सुचवले की ज्यांना पूर्वी मासे दिले त्यांच्यापैकी कोणाकडे एखादी तरुण मादी असेल, चौकशी करून पाहावी. दाजी काही पावले चालले आणि म्हणाले, "विकलेला पाव कोणी परत मागतं का, मेहुणे?"

त्या दिवसांत ते अधिकच अबोल झाले. ताई मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाली, "बेकरी गेली तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. आता सात माशांसाठी जेवण टाकतात. तू सांग ना काहीतरी, एवढा शिकलेला आहेस."

"मी काय सांगू? मला जमिनीतलं कळतं, पाण्यातलं नाही."

"मग बस चहा पीत."

थंडी उतरणीला लागली असताना माझ्या भाचीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, आम्हा सर्वांना तिच्या नव्या घरी बोलावले. एक रात्र राहायचे होते. दाजी तयार होईनात. टाकी एकटी कशी सोडायची, हा एकच प्रश्न. "मासे कुठं पळून जाणार आहेत का?" ताई म्हणाली. "लेकीचं घर बघायचं की नाही बघायचं?" अखेर ते निघाले. माशांना थोडे खाऊ घातले, हीटरचा लाल दिवा पाहिला, तापमापक पाहिला, पुन्हा एकदा लाल दिवा पाहिला आणि पिशवी घेऊन जिन्यावर आले. ताई मागून कुलूप लावून आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो. मीही चहासाठी त्यांच्याबरोबर वर गेलो. दाजी बूट न काढताच टाकीपाशी गेले आणि तेथेच थांबले. लाल दिवा विझलेला होता. हवा सोडणारा पंपही बंद होता. पारा एकवीसवर उतरला होता. सातही मासे वाळूवर एका कोपऱ्यात पोट टेकून निश्चल बसले होते, फक्त कल्ले हलत होते.

भिंतीवरच्या बोर्डावरची सगळी बटणे बंद होती. पंखा, दिवा, दाराची घंटा, पंप, हीटर, झाडून सारी.

"अगं, हे कोणी बंद केलं?"

ताईने बोर्डाकडे पाहिले. "मीच केलं असणार. तुम्ही कधी बटण बंद केलंय आयुष्यात?"

"पण का?"

"काल सोमवार होता," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिच्या लक्षात आले असावे, कारण तिने स्वतःच्या हाताकडे पाहिले. बेकरीत तिचा तो नेम होता. सोमवारी झाडलोट झाली की बोर्डावरून तळहात वर सरकवून सगळी बटणे एका झटक्यात बंद करायची आणि मग दाराला कुलूप. नव्या घराला सोमवारी कुलूप लावण्याची ती पहिलीच वेळ होती. हाताने आपले जुने काम केले.

दाजींनी हीटर लावला, पंप लावला, खुर्ची ओढली आणि टाकीसमोर बसले. रागावले की ते असेच बसत. त्यांच्या रागाला आवाज नव्हता, त्यामुळे त्याला उत्तरही देता येत नसे. ताईने चहा आणून ठेवला. तो निवला. तिने तो नेऊन पुन्हा गरम करून आणला.

"बोला काहीतरी," ती म्हणाली. "नाहीतर ओरडा. निदान शेजाऱ्यांना कळेल की इथं माणसं राहतात."

"माझंच चुकलं. जायलाच नको होतं."

"लेकीकडं?"

दाजी पाऱ्याकडे पाहत राहिले. ताई आत गेली. मीही थोड्या वेळाने निघालो. कारण अशा वेळी पाहुण्याने बसून राहणे बरे नव्हे. पाऱ्याने चढायला सुरुवात केली होती, हे मात्र जाता जाता पाहून घेतले.

रात्रभर मनाला चैन नव्हते. सकाळी उजाडताच, फिरायला जाण्याच्या निमित्ताने, मी त्यांच्या दाराशी गेलो. दार ताईने उघडले. तिने ओठांवर बोट ठेवले आणि आत येण्याची खूण केली. दाजी टाकीसमोर गुडघे वाकवून उभे होते. भट्टीत पाव भाजून निघाला की नाही हे पाहताना ते अगदी असेच उभे राहत.

"मेहुणे," मागे न वळताच ते म्हणाले, "चष्मा आहे ना डोळ्यांवर?"

"आहे."

"मग मोजा."

"काय मोजू?"

"मोजा तर खरं. मोजपट्टी ना तुम्ही?"

मी वाकलो. समोरच्या काचेवर, पाण्याच्या वरच्या कडेपासून बोटभर खाली, अंडी चिकटली होती. मी मोजू लागलो, तेवढ्यात एक मादी पोटाखालचे दोन पर ओंजळीसारखे जुळवून वर आली, काच तोंडाने चाचपली आणि ओंजळीतले अंडे तेथे लावून खाली गेली. लगोलग दोन नर तिच्या मागे. मी मोजणी सोडून दिली.

मग दाजी म्हणाले, "घाबरले असतील काल. घाबरून घातली असतील."

"घाबरून कोणी लेकरं जन्माला घालतं का?" ताई म्हणाली. "गार पडलं म्हणून घातली."

"गार पडलं तर मरतील."

"मग तिकडं का नाही मेले? तिकडं दर सोमवारी गार पडायचं."

दाजींनी आता मागे वळून पाहिले.

"त्या भिंतीला पाठ टेकून मी रोज धान्य निवडत बसायचे," ताई म्हणाली. "शेक मिळायचा पाठीला. पण सोमवारी नाही बसायचे. सोमवारी भिंत गार लागायची. मंगळवारी भट्टी पेटली की पुन्हा ऊब. तुमचं पाण्याचं पिंपही त्याच भिंतीला होतं. सोमवारी तेच गार पाणी ओतायचात तुम्ही त्यांच्यात. इथं आल्यापासून मात्र ऊन पाणी, गरम खोली, रोज सारखंच. त्यांना बिचाऱ्यांना कळणार कसं की आठवडा संपला?"

दाजी खुर्चीत बसले. उजव्या, बिनकेसाच्या हाताने त्यांनी हनुवटी चोळली.

"मला वाटायचं," ते सावकाश म्हणाले, "मी असायचो म्हणून."

ताईने पदराने टाकीची वरची कड पुसली. ती पुसण्याची काही गरज नव्हती.

"तुम्ही असायचा म्हणूनही असेल," ती म्हणाली. "पण भट्टी नसायची म्हणून जास्त. इतकी वर्षं श्रेय घेऊ दिलं ना त्यांनी तुम्हाला? चांगल्या घरचे आहेत."

दाजी हसले. त्या थंडीत मी त्यांना प्रथमच हसताना पाहिले.

दुपारपर्यंत अंडी जरा घट्ट झाली. तेव्हा दाजींनी ती बोटाच्या टोकाने, एकेक करून, काचेवरून हलकेच सोडवली आणि एका उथळ भांड्यात ठेवली. त्या पाण्यात बदामाचे वाळलेले पान टाकले, म्हणजे अंड्यांना बुरशी धरत नाही. काही पांढरी पडली, ती काढून टाकली. बाकीची तांबूस होत गेली आणि चार-पाच दिवसांनी फुटली. पिल्ले म्हणजे केवळ शेपूट लावलेले दोन डोळे. पोटाशी असलेल्या शिदोरीवर ती थोडा काळ निभावतात. पुढे मात्र त्यांना अगदी बारीक, जिवंत खाद्य हवे असते, आणि दाजी ते ओल्या पावावर तयार करीत. पाव पाण्यात कालवायचा, चिमूटभर यीस्ट घालायचे आणि त्यात सुतासारख्या बारीक अळ्यांचे विरजण सोडायचे. बेकरीत असताना शिळ्या पावाला तोटा नव्हता. विरजण आता दुकानदाराकडून मिळाले. पण पाव?

"घरात पाव आहे का?" दाजींनी विचारले.

"या घरात?" ताई म्हणाली. बेकरी दिल्यापासून त्या घरात पाव आलाच नव्हता. आणावा असे कोणी म्हटले नव्हते आणि आणू नये असेही नाही.

दाजींनी बूट घातले. मी बरोबर निघालो. जवळचे दुकान ओलांडून ते पुढे गेले. ते आपल्या जुन्या दुकानासमोर उभे राहिले. दर्शनी भाग नवा रंगवलेला होता, पण उंबरठा तोच. गल्ल्यावर त्या जोडप्यातील बाई होती. तिने त्यांना ओळखले आणि लगबगीने उठली.

"काका, या ना. आत येता का?"

"नको. एक पाव दे."

"कापून देऊ?"

"अख्खा."

तिने पैसे घेण्याचे नाकारले, तरी दाजींनी ते गल्ल्यावर ठेवले. पाव त्यांनी हातात घेतला, दाबला, पालथा करून बुड पाहिले आणि वास घेतला. ती बाई परीक्षा दिल्यासारखी उभी होती. "बरा आहे," ते म्हणाले, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर ताईने विचारले, "कसा आहे?"

"फुगायला वेळ दिला नाही. घाई केलीय. माशांना चालेल."

"आणि माणसांना?"

दाजींनी कडेचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. मग आणखी एक मोडला आणि तिच्यापुढे धरला. "माणसांनाही चालेल. गरम असता तर."

उरलेला अर्धा पाव त्यांनी पाण्यात कालवला. कशात, ते मी पाहिले: जुने पीठ ठेवायच्या त्याच वाडग्यात. दोनच दिवसांत बाहेरच्या खोलीत आंबट, उबदार वास पसरला. ताई दारातून आत येता येता थबकली आणि म्हणाली, "अगोबाई, आपलं घर आलं." मग तिने खिडकी उघडली, पण पुरती नाही.

पिल्लांपैकी निम्म्याहून अधिक जगली. त्यांच्या डोळ्यांवर काळा पट्टा उमटला तेव्हा दाजींनी दुकानदाराला मुद्दाम बोलावून दाखवली. तो म्हणाला, "काका, आडनाव दिसतंय हो." थंडी संपण्यापूर्वी अंडी आणखी एकदा पडली. थोरल्या माद्यांपैकी एक उन्हाळ्यात गेली. तिच्या जाण्याने दाजींना वाईट वाटले, पण त्यांनी जेवण टाकले नाही.

हीटर आता दर सोमवारी सकाळी बंद होतो आणि मंगळवारी उजाडताच लागतो. त्या दिवशी दाजीही टाकीशी फारसे जात नाहीत. वर्तमानपत्र वाचतात, ताईला घेऊन बाजारात जातात, एखाद्या वेळी भाचीकडे. मी विचारले तर म्हणतात, "आज सुट्टी आहे."

ताईला मात्र बोर्डावरचे एकच बटण बंद करणे अजून जमत नाही. पंप वगळून ती सगळी बटणे तळहाताने वर ढकलून बंद करते. त्यामुळे सोमवारी त्यांच्याकडे घंटा वाजत नाही. मी हे जाणून आहे, आणि त्या दिवशी गेलो तर दारावर टिचकी मारतो.